गान शकेदची झडती

"हेडफोन शेलारला दे," लेफ्टनंट क्रॉली म्हणाला. "तू नकोस."

मी कानांवर चढवलेला हेडफोन तसाच धरून उभा राहिलो. ऊन नुकतं चढायला लागलं होतं. गान शकेद नावाच्या त्या किबुट्झच्या, ज्यूंच्या सामायिक शेतवस्तीच्या, स्वयंपाकघरामागच्या अंगणात आम्ही होतो. कुंपणाबाहेर आमच्याच कंपनीचे जवान कडं करून उभे होते. आतली सगळी माणसं, बायापोरांसकट, पोलिसांनी जेवणाच्या मोठ्या खोलीत कोंडली होती. मधूनच तिथून गाण्याचा आवाज यायचा, मग कुणीतरी दारावर दंडुका आपटायचं आणि गाणं थांबायचं.

"सर, या यंत्राची जबाबदारी माझी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण तू यांच्यातला आहेस." क्रॉली रागावून बोलत नव्हता. वयानं माझ्याहून लहानच असेल, आणि मला दुखावतोय हे त्याचं त्यालाही कळत होतं. "माझा तुझ्यावर अविश्वास नाही, वारुळकर. पण उद्या वरून कुणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय. तू दुभाष्याचं काम कर. शेलारचं या लोकांशी काही देणंघेणं नाही."

मी हेडफोन धोंडीच्या हातात दिला. धोंडीराम शेलार, मूळचा वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. खडकीच्या सॅपर पलटणीत आम्ही एकाच दिवशी भरती झालो, महायुद्धात इजिप्तच्या वाळूत एकाच तंबूत झोपलो, आणि शत्रूनं पेरलेले सुरुंग एकमेकांच्या पुढंमागं चालत काढले. ते काढायचं यंत्र म्हणजे लांब दांड्याला बसवलेली एक चकती. आम्ही तिला थाळी म्हणायचो. थाळीखाली लोखंड आलं की कानात शीळ वाजायची, आणि ती ज्याच्या कानाला हेडफोन त्यालाच ऐकू यायची. वाळवंटात धोंडी पुढं आणि मी मागं असलो की माझा जीव त्याच्या कानांत असायचा.

आता इथं, इंग्रजांच्या अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये, सुरुंग नव्हते. सरकारी डेपोतून रायफली चोरीला गेल्या होत्या, आणि त्या ज्यूंच्या गुप्त फौजेकडे, हगानाकडे, पोचल्याचा सरकारला संशय होता. हगाना म्हणजे संरक्षण. दिवसा शेतात राबणारी, शाळेत शिकवणारी, कोंबड्या पाळणारीच माणसं या फौजेत असत. बंदुका ती जमिनीत पुरून ठेवत. ज्याच्याकडे सापडतील तो वर्षानुवर्षं तुरुंगात. म्हणून पोलिसांनी त्या सकाळी आमची थाळी मागवली होती.

त्या जमिनीत काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण काहीतरी आहे, एवढं मी ओळखून होतो.

आमचा तळ तिथून जवळच होता. मी हनोख वारुळकर, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, रेवदंड्याचा. वडिलांचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून अख्ख्या अष्टागरात आम्हांला शनवार तेली म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आम्हांलाही नाही. तळावर आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी गान शकेदला गेलो. वाटलं होतं, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या शाब्बाथला आपल्या लोकांत बसावं. पण फाटकावरच्या माणसानं माझा काळा रंग आणि खाकी कपडे पाहून मला आत घेतलंच नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत एक बाई आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेली. तिनं मला हिब्रूत काहीतरी विचारलं. रेवदंड्याच्या मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, हजाननं, प्रार्थना म्हणवणाऱ्यानं, घोकून घेतलेली हिब्रू तेवढी मला येत होती. मी तीच जोडून जोडून बोललो. बाई पोट धरून हसली.

"अरे, हा तर पोथीतल्या संदेष्ट्यांसारखा बोलतोय!" ती फाटकावरच्या माणसाला म्हणाली. "याला आत येऊ दे. यशया संदेष्टा आलाय, कोबीचं सूप प्यायला."

ती बात्या. पोलंडमधून आलेली. तिचे आईबाप, बहिणी, सगळी माणसं तिकडंच राहिली होती आणि दोन वर्षांत त्यांची काही खबर नव्हती. नवरा इथंच संत्र्यांच्या बागेत गोळी लागून मेला होता. त्यानंतर मी बऱ्याच शुक्रवारी गेलो. एकदोनदा धोंडीलाही नेलं. त्याला सूप आवडलं नाही, पण भांडी घासायला मात्र तो तिच्या शेजारी बसला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघं सारखी बोलत होती.

मग एका दुपारी बात्यानं मला बागेत नेलं आणि सरळच विचारलं.

"तुझ्या ताब्यात सुरुंग उडवायचे डिटोनेटर असतात ना? आम्हांला थोडे हवेत."

"मी देणार नाही."

"का? भीती वाटते?"

"मी सरकारचं मीठ खाल्लंय," मी म्हणालो. हिब्रूत ते फार विचित्र वाटलं, पण तिला अर्थ कळला.

"इंग्रजांचं मीठ! आणि आमच्या लोकांचं रक्त?"

"बात्याबाई, आमच्या कोकणात आम्हांला कधी कुणी हाकललं नाही. आमची घरं कुणी जाळली नाहीत. आम्हांला काही पुरून ठेवायची पाळीच आली नाही. मला हे कळत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हेवा होता की कीव, मला सांगता येणार नाही.

"मग देव करो आणि तुला कधीच न कळो," ती म्हणाली.

"या बंदुका कुणावर चालवणार?" मी विचारलं. रस्त्यापलीकडे अरबांचं गाव होतं. बात्या तिथल्याच एका म्हाताऱ्याकडून काकड्या घ्यायची, त्याच्या नातवंडांची नावं तिला पाठ होती.

"जो चालून येईल त्याच्यावर."

"तुमच्या नवऱ्याला कुणी मारलं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तेच तर. कुणी मारलं ते माहीत नाही."

पुढं तिनं कधी काही मागितलं नाही. मीही तो विषय काढला नाही, तळावर कुणाला सांगितलंही नाही. शुक्रवारी सूप मात्र मिळत राहिलं.

आणि आता ती अंगणात, माझ्यासमोर बसली होती. एका बुटक्या लाकडी चौरंगावर, पायांशी बटाट्यांचं टोपलं घेऊन. कोंडलेल्या माणसांना जेवण तरी करून घालू द्या, असं सांगून तिनं पोलिसांकडून बाहेर राहायची परवानगी मिळवली होती. तिच्या चौरंगाखाली आणि भोवती कपडे धुवायची मोठी फरशी होती. बाकीचं सगळं अंगण धोंडीनं थाळीनं पालथं घातलं होतं. एक गंजलेलं फावडं निघालं होतं, आणखी काही नाही. राहिली होती ती फरशी.

"तिला उठायला सांग," क्रॉली म्हणाला.

मी पुढं झालो. "कूमी," मी म्हणालो. ऊठ. शुक्रवारच्या प्रार्थनेत हा शब्द मी शेकडो वेळा म्हटला होता.

बात्यानं सुरी थांबवली नाही. सालीची लांब पट्टी तिच्या बोटांवरून लोंबत होती. मान वर न करता ती हिब्रूत, अगदी साध्या आवाजात बोलली, जणू मी बटाट्यांचा भाव विचारला होता.

"मी उठले की आम्ही संपलो, हनोख. हे तुला सांगितलं, कारण हा इंग्रज विचारतोय आणि तुझ्याशी खोटं बोलायची मला इच्छा नाही. आता काय करायचं ते तू बघ."

"काय म्हणाली?" क्रॉलीनं विचारलं.

क्रॉलीनं मला दुभाष्या केलं होतं, थाळीपासून लांब ठेवायला. आणि आता सगळं माझ्याच जिभेवर आलं होतं.

"तिचे पाय सुजलेत, सर," मी म्हणालो. "पटकन उठवत नाही म्हणते."

खरं आणि खोटं यांत निवड केली, असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. तोंडातून ते निघून गेलं होतं.

"मग उचला तिला. शेलार, मदत कर."

दाराशी उभे असलेले दोन पोलीस पुढं सरकले. पण त्यांच्या आधी धोंडी पोचला. त्यानं थाळी भिंतीला टेकवली, हेडफोन गळ्यात घेतला, बात्यापुढं उकिडवा बसला आणि तिच्या हातातली सुरी हलकेच काढून टोपल्यात ठेवली.

"आई," तो मराठीत म्हणाला, "उठ जरा. म्या हाय न्हवं."

तिला त्यातला एक शब्दही कळला नसणार. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धोंडीनं तिच्या काखेत हात घातला, आणि ती उठली. त्यानं तिला चार पावलांवर नेऊन भिंतीच्या सावलीत उभं केलं. चौरंग आणि टोपलं बाजूला सारलं. मग हेडफोन कानांवर चढवला आणि थाळी फरशीवरून फिरवायला लागला.

मी त्याचा चेहरा बघत होतो. वाळवंटात मी त्याची मानच बघत आलो होतो. शीळ वाजली की त्याच्या मानेची शीर ताठ व्हायची, आणि तो तसाच एका पायावर गोठायचा. आज तो गोठला नाही. थाळी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, शेतात पेरताना पाभर धरावी तशी एका चालीनं फिरत राहिली. फक्त मानेची ती शीर वर आलेली मला दिसली.

"कुछ नहीं, साब," तो म्हणाला.

क्रॉलीनं कपाळाला आठ्या घातल्या. "यंत्र चालू आहे ना?" त्यानं आपलं पिस्तूल काढून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मातीवर ठेवलं. "इकडे आण."

धोंडीनं थाळी पिस्तुलावर नेली. हेडफोनची एक बाजू क्रॉलीनं आपल्या कानाला लावली, आणि मान हलवली. यंत्र ठीक होतं.

"परत एकदा फरशी बघ."

पुन्हा थाळी फरशीवर आली. क्रॉली त्याच्या मागोमाग आला. आता हा पुन्हा कान लावणार, असं मला वाटलं. बात्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना करत होती की आपल्या माणसांची नावं घेत होती, देव जाणे.

धोंडी थांबला. वळला. टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

"कुछ नहीं है, साब. पत्थर है."

क्रॉलीनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. धोंडीनं नजर हलवली नाही. मग क्रॉलीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "शाबाश, शेलार," तो हिंदुस्तानीत म्हणाला, आणि पोलिसांना म्हणाला, "इथं काही नाही. गोठ्याकडे चला."

गोठ्यातही काही सापडलं नाही. दुपारपर्यंत आम्ही तळावर परतलो.

जेवणं झाल्यावर मी धोंडीला शोधत गेलो. तो पाण्याच्या टाकीमागं आपले बूट घासत बसला होता. मी त्याच्या समोर बसलो.

"धोंडी, तिथं होतं."

"काय व्हतं?"

"उगाच येड पांघरू नकोस. तुझी मान मी बघितली."

तो बुटावर थुंकला, फडक्यानं घासू लागला. "व्हतं. लई व्हतं. कान फाटायची येळ आली."

"कोर्ट मार्शल झालं असतं तुझं. माझ्यासाठी एवढं करायची काय गरज होती? मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

त्यानं मान वर केली. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"तुझ्यासाठी? तुझा काय संबंध?"

"मी ज्यू आहे म्हणून..."

"हट्! ज्यू आसशील तुझ्या घरी." तो हसला, पण ते हसू लगेच विझलं. बूट त्यानं खाली ठेवला. "हनोखा, मी रजेवर गेलतो, तवाचं तुला म्या काय सांगितलं व्हतं?"

"आई वारली म्हणून सांगितलंस. थंडीतापानं."

"थंडीताप न्हवता."

मग तो बोलू लागला, बूट पुढ्यात ठेवून, कुठंतरी टाकीच्या गळतीकडं बघत.

बेचाळीसच्या त्या धामधुमीत त्याचा थोरला भाऊ किसना भूमिगत झाला होता. साताऱ्याकडं पोरं रानात, उसात राहून सरकारशी लढत होती, हे तळावर आम्ही कुजबुजत बोलत असू. धोंडीचा सख्खा भाऊ त्यांच्यात आहे हे मात्र त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. सरकारच्या पलटणीत राहून ते सांगणार तरी कसं? किसनानं एक पिस्तूल घरात आणून ठेवलं होतं. जात्याखालची माती उकरून, त्यात पुरून, वर जातं बसवलेलं. पोलीस झडतीला आले तेव्हा आई जात्यावर बसली आणि दळायला लागली.

"भैन सांगत व्हती, जवारी सपली तरी दळत व्हती. मोकळंच जातं घरघर फिरवत व्हती. उठ म्हनलं, उठली न्हाई. मंग हवालदारानं केसाला धरून वढली. पायरीवर डोस्कं आपाटलं. पिस्तूल गावलं. किसनाचं नाव लागलं, सात वर्सं झाली त्येला. आन् आई पुन्यांदा आंथरुनावरनं उठली न्हाई."

मी त्याच्या जवळ सरकलो.

"त्यो हवालदार कोन व्हता ठावं हाय?" धोंडीनं विचारलं. "आईच्या म्हायेरचा. भावकीतलाच. म्या ल्हानपनी त्येच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय. मामा म्हनायचो. वढताना बी तिला म्हनत व्हता म्हनं, 'आक्का, उठ गं, माझी नोकरी हाय.'"

टाकीचं पाणी ठिबकत होतं. धोंडीनं बूट पुन्हा उचलला, पण घासला नाही.

"आज सायबानं तुझ्या हातातलं काढून माझ्या हातात दिलं. म्हनला, शेलारचं काय देनंघेनं न्हाई. आन् ती बाई तशी बसलेली. तवा मला कळलं, हनोखा. आज त्यो मामा म्हंजी मीच."

"धोंडी, त्या बंदुका कुणावर चालतील याचा विचार केलास?"

"त्यो काकडीवाला म्हातारा बी मनात आला," तो म्हणाला. "न्हाई आला आसं न्हाई. बंदूक कुनाची कुनावर चालंल, कोन सांगावं? किसनाच्या पिस्तुलाचं तरी कुठं म्हाईत व्हतं. त्येवढं मोठं इचार करायला मला यळ न्हवता. म्या एका बाईला वढून काढनार न्हवतो. बस."

मला बात्यानं हिब्रूत काय सांगितलं होतं आणि मी साहेबाला काय सांगितलं, ते तेव्हा मी त्याला सांगितलं.

"मंग तू का खोटं बोललास? तू तर मिठाला जागनारा."

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आज चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी पेन्शन घेऊन पनवेलला राहतो, माझी निम्मी भावकी इस्रायलला जाऊन स्थायिक झाली, आणि अजून सुचलेलं नाही. हेडफोन माझ्याच कानांवर राहिला असता तर मी काय म्हणालो असतो, हेही मला ठाऊक नाही. साहेबानं तो काढून घेतला याचा त्या सकाळी मला अपमान वाटला होता. नंतर कधीकधी वाटलं, बरं झालं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पहारेकऱ्यानं निरोप आणला: तळाच्या फाटकावर एक बाई आलीय. बात्याच होती. हातात दोन जाड पाव रुमालात बांधलेले, आणि अंगावर धुतलेला, इस्त्री केलेला झगा. मला बघताच तिनं माझे दोन्ही हात धरले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "रक्त शेवटी बोलतंच. तू आपल्या माणसांना दगा देणार नाहीस, मला माहीत होतं."

"बात्याबाई, मी नव्हे," मी म्हणालो. "हेडफोन माझ्या कानाला नव्हता. तुम्ही बघितलंत ना?"

"तू त्याला खूण केलीस. तुझ्यासाठी त्यानं केलं."

"मलाही तसंच वाटलं होतं."

मी धोंडीला हाक मारली. तो संकोचत आला, बनियनवरच, हात पाठीमागं घेऊन. बात्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "मग यानं का केलं? हा ज्यू नाही. याचं आमच्याशी काय नातं?"

"काय म्हनतीया?" धोंडीनं विचारलं.

"विचारतेय, का केलंस."

"सांग, मशीन बिघाडली व्हती."

पण मी तिला सांगितलं. माझ्या त्या जुन्या, संदेष्ट्यांच्या हिब्रूत मला जात्याला शब्द आठवला, दळणाऱ्या बाईला आठवला. भूमिगत भावाला मात्र आठवेना, म्हणून म्हणालो, 'जमिनीखाली राहणारा भाऊ.' त्यावर तिनं नुसती मान हलवली, तिला कळलं. सांगून झाल्यावर ती धोंडीकडे वळली आणि एकच प्रश्न विचारला.

"तुझ्या आईचं नाव विचारतेय," मी धोंडीला म्हणालो.

"कशापायी?"

"माहीत नाही."

धोंडी थोडा वेळ घुटमळला. घरी आईला सगळे आईच म्हणायचे. तिचं नाव मोठ्यानं घेण्याची वेळ त्याच्यावर बहुधा कधी आलीच नव्हती.

"ठकूबाई," तो म्हणाला.

"तकूबाई," बात्या म्हणाली.

"तकू न्हवं. ठकू. ठ, ठ."

"तकू."

तिच्या जिभेला तो ठ काही केल्या जमेना. धोंडीनं तोंड उघडून, जीभ टाळूला लावून दाखवली. तिनंही तोंड उघडून त्याच्यासारखं केलं. फाटकावरचा पहारेकरी हसू दाबत तोंड फिरवून उभा राहिला. बात्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, पुन्हा म्हटलं. धोंडी प्रत्येक वेळी मान हलवून "न्हाई, न्हाई" करत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"ठकूबाई," एकदाचं ती म्हणाली.

"हां," धोंडी म्हणाला. "आता बरोबर."